सुईला वाट कोण दाखवतं?

दोस्ता, एक कोडं सोडव पाहू!

शरीराच्या आतला फोटो काढायचा आणि तो समोर ठेवून ऑपरेशन करायचं, असं जगात पहिल्यांदा ज्या ऑपरेशनात झालं म्हणतात, ते कशासाठी असेल? मोडलेलं हाड जोडायला? गिळलेलं नाणं काढायला?

अं हं! ते होतं एका चिमुकल्या सुईसाठी!

साल १८९६. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम शहर. एका बाईंच्या हातात सुई रुतली आणि आतच अडकून बसली. बाहेरून काही म्हणजे काही दिसेना! आता ती शोधायची कशी? हात कुठेकुठे कापून बघायचा?

पण अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, ८ नोव्हेंबर १८९५ या दिवशी, जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरण सापडले होते. क्ष-किरण म्हणजेच एक्स-रे. ते मांसातून सहज पलीकडे जातात, पण हाड आणि धातू त्यांना अडवतात. मग पलीकडच्या काचेवर हाडाची आणि धातूची सावली उमटते. बर्मिंगहॅमचे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी ही बातमी ऐकली आणि त्यांना राहवेना! जानेवारीतच त्यांनी एका सहकाऱ्याच्या कातडीखाली निर्जंतुक केलेली सुई ठेवून फोटो काढून पाहिला. (त्या सहकाऱ्याच्या धीराला माझा सलाम!) मग १४ फेब्रुवारीला त्यांच्या फोटोच्या आधारानं सर्जननं त्या बाईंच्या हातावर नेमक्या जागी कापलं आणि सुई काढली.

आता गंमत ऐक. तेव्हा फोटो बघून सुई बाहेर काढली. आणि आज? आज डॉक्टर फोटो बघून सुई आत घालतात! तीही मुद्दाम!

का बरं?

समज, कुणाच्या यकृतात किंवा फुप्फुसात एक छोटी गाठ दिसली. वाटाण्याएवढी. ती साधी आहे की त्रासदायक, हे कळायचं कसं? तिचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्यासाठी पूर्वी पोट किंवा छाती उघडावी लागायची. मोठा छेद, टाके, कितीतरी दिवस अंथरुणात! आता एक लांब, बारीक, पोकळ सुई कातडीतून थेट गाठीपर्यंत नेतात आणि तिथला इवलासा तुकडा घेऊन बाहेर येतात. याला म्हणतात बायॉप्सी. कातडीला आधी भूल देतात. आणि नंतर तिथे काय लावतात? बऱ्याचदा नुसती एक पट्टी!

एवढंच नाही. काही सुयांचं टोक आत गेल्यावर तापतं आणि गाठ जागच्या जागी भाजून टाकतं. काही सुया तर याच्या उलट! त्यांच्या टोकाभोवती शरीराच्या आत चक्क बर्फाचा गोळा तयार होतो आणि गाठ गोठून मरते! विश्वास बसतोय का?

पण या सगळ्या जादूला एकच अट आहे. सुई नेमकी गाठीतच पोचली पाहिजे.

हे किती अवघड आहे, ते तू घरीच करून बघ. एखाद्या मोठ्या माणसाच्या मदतीनं दुधात चायना ग्रास उकळून घे. जेली करतो तसंच. एका उभ्या पेल्यात ते अर्ध्यापर्यंत ओत आणि गोठू दे. मग त्यावर मध्ये कुठेतरी एक उकडलेला वाटाणा ठेव आणि उरलेलं मिश्रण पुन्हा गरम करून वरून ओत. गोठलं? आता वाटाणा दिसतोय का? मुळीच नाही!

मग घरातल्या दुसऱ्या कुणालातरी बोलाव. त्यांच्या हातात स्वेटर विणायची सुई दे आणि सांग, “एका फटक्यात वाटाणा टोचून दाखवा!”

बघ कशी धांदल उडते ती! सुई वाटाण्याच्या शेजारून जाते. कधी वाटाण्याला धक्का लागतो आणि तोच बाजूला सरकतो. सगळी जेली थुलथुल हलते. आणि हो, चुकलं म्हणून सुई आतल्या आत आडवी वळवायला गेलं, तर जेलीच फाटते!

शरीराच्या आतही अस्संच होतं. यकृत मऊ, फुप्फुस मऊ. सुईनं ढकललं की गाठ सरकते. फक्त तिथे आजूबाजूला रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे “परत एकदा” असं कितीही वेळा म्हणून चालत नाही. आणि ओळख पाहू, सुयांना वाट दाखवणारी यंत्रं बनवणारे शास्त्रज्ञ पहिल्यांदा त्यांची परीक्षा कशावर घेतात? जेलीवर! खरंच! चायना ग्राससारख्याच पदार्थाची किंवा जिलेटिनची जेली, आत खोट्या गाठी लपवलेल्या. शास्त्रज्ञ तिला ‘फँटम’ म्हणतात. म्हणजे तू स्वयंपाकघरात केलंस, तेच ते प्रयोगशाळेत करतात!

बरं, हात किती हलला तर नेम चुकेल? कंपासपेटी काढ. कागदावर १० सेंटिमीटरची एक रेघ मार. तिच्या सुरुवातीच्या टोकावर कोनमापक ठेव आणि फक्त ५ अंश तिरकी, तेवढीच लांब दुसरी रेघ मार. आता दोन्ही रेघांच्या शेवटच्या टोकांमधलं अंतर मोज.

जवळजवळ ९ मिलिमीटर! कोनमापकावर ५ अंश म्हणजे केवढीशी जागा! आणि तेवढ्यानं अख्खा वाटाणा हुकला! डॉक्टरांचा हात कितीही सरावाचा असला, तरी हवेत सुई धरून “बरोब्बर २७ अंश” असा कोन कोण साधणार? म्हणून हवं असतं सुईला वाट दाखवणारं उपकरण.

सर्वांत साधं उपकरण बघू. सोनोग्राफीचं.

सोनोग्राफीत आवाजानं चित्र काढतात, माहीत आहे? आपल्या कानांना सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीचा आवाज असतो सेकंदाला २० लाखांहून जास्त कंपनांचा! तो पोटात जातो, आतल्या अवयवांवर आपटून परततो आणि त्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उमटतं. पण वाटेत हवा आली की हा आवाज अडतो. पोटावर तो थंडगार, बुळबुळीत जेल लावतात ना, तो यंत्र आणि कातडी यांच्यामधली हवा घालवायला! गुदगुल्या करायला नाही बरं का.

आता एक अडचण. सोनोग्राफीचं यंत्र एका वेळी जेमतेम काही मिलिमीटर जाडीची पातळ चकती बघतं. सुई त्या चकतीतून जरा बाहेर गेली की पडद्यावरून गायब! मग डॉक्टरांना कळणार कसं, ती कुठे पोचली?

म्हणून हातातल्या त्या यंत्रावर प्लॅस्टिकचा एक छोटा चिमटा बसवतात. त्यात सुईसाठी खाच असते. सुई खाचेतून घातली की ती त्या चकतीतच राहते, इकडेतिकडे जाऊच शकत नाही. शिवाय पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची रेघ दिसते. सुई याच रेघेवरून जाणार! इवलासा प्लॅस्टिकचा तुकडा, पण केवढं मोठं काम!

आणखी एक छान युक्ती सांगू? सुई असते गुळगुळीत, चकचकीत. ती तिरकी गेली की आवाज तिच्यावर आपटून भलतीकडेच निघून जातो, यंत्राकडे परत येतच नाही. म्हणून काही सुयांच्या टोकाजवळ मुद्दाम बारीक बारीक खळगे करतात. आवाज खळग्यांत आपटतो आणि आला त्याच वाटेनं माघारी फिरतो. सुईचं टोक पडद्यावर लख्ख!

पण गाठ फुप्फुसात खोल असेल तर? फुप्फुस म्हणजे सगळी हवाच हवा! सोनोग्राफीचा आवाज तिथे हात टेकतो. मग लागतं सीटी स्कॅन. या यंत्रात एक्स-रे शरीराभोवती फिरत फिरत फोटो घेतात आणि संगणक त्यांतून शरीराच्या आडव्या कापांची चित्रं तयार करतो. काप दिसतात, पण कापायचं काहीच नाही!

हे यंत्र कुणी बनवलं, ते ऐकून आजी-आजोबासुद्धा चकित होतील. गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे इंजिनिअर ईएमआय कंपनीत काम करायचे. ईएमआय म्हणजे गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी! भोंग्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा छापलेल्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड आजोबांकडे असतील तर बघ. त्याही याच घरातल्या! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत.

सीटीच्या मदतीनं सुई कशी घालतात? आधी कातडीवर बारीक तारांची जाळी असलेला एक कागद चिकटवतात. धातूच्या तारा चित्रात ठिपक्यांसारख्या दिसतात. ठिपके मोजायचे, की सुई कुठून घालायची ती जागा सापडली! मग डॉक्टर सुई थोडीशी आत सरकवतात आणि बऱ्याचदा खोलीबाहेर जातात. चित्र काढतात. परत येतात. थोडी आणखी सरकवतात. पुन्हा बाहेर! पुन्हा चित्र!

ही ये-जा कशासाठी? तर एक्स-रे जास्त प्रमाणात अंगावर घेणं धोक्याचं असतं. रुग्णाला ते तेवढ्यापुरतेच लागतात, डॉक्टरांना मात्र रोज लागले असते. आपले बर्मिंगहॅमचे हॉल-एडवर्ड्स आठवतात ना? सुरुवातीला हा धोका फारसा कुणाला ठाऊक नव्हता. ते वर्षानुवर्षं आपल्या हातांवर एक्स-रे घेत राहिले, आणि १९०८ मध्ये त्यांचा डावा हात कापावा लागला. एक्स-रेपासून जपा, असं त्यांनी स्वतःच इतर डॉक्टरांना सांगितलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

तर जागा सापडली. पण कोन? पडद्यावर दिसणारा कोन हातात कसा आणायचा?

याचं एक झकास उत्तर सीटी स्कॅनच्याही आधीचं आहे. १९४९ सालचं! स्वीडनमधले मेंदूचे सर्जन लार्स लेक्सेल यांना मेंदूत खोलवर एका ठिकाणी बारीक सुई न्यायची होती. मेंदूत जरा इकडेतिकडे झालेलं कसं चालेल? त्यांनी काय केलं असेल?

पुन्हा कंपास घे. कागदावर एक ठिपका दे. हे आपलं लक्ष्य. त्यावर कंपासचं टोक रोवून एक अर्धवर्तुळ काढ. आता अर्धवर्तुळावर कुठलाही बिंदू घे आणि तिथून केंद्राकडे रेघ मार. दुसरा घे. तिसरा घे. सगळ्या रेघा कुठे पोचल्या? त्याच ठिपक्यावर! आणि लांबी? सगळ्यांची सारखी, कारण ती त्रिज्या आहे!

लेक्सेल यांनी हेच धातूत बनवलं. डोक्याला घट्ट बसणारी एक चौकट आणि तिच्यावर एक कमान. कमान अशी सरकवायची की तिचं केंद्र मेंदूतल्या लक्ष्यावर यावं. झालं! आता कमानीवर कुठूनही सुई घाला, ती पोचणार तिथेच! वाटेत रक्तवाहिनी आहे? कमानीवर जरा सरका आणि दुसऱ्या वाटेनं या. त्यांच्या कमानीची त्रिज्या १९० मिलिमीटर. आजही जगभरचे सर्जन ही चौकट वापरतात. शाळेतली भूमिती थेट मेंदूत शिरली!

आणि एक विलक्षण गोष्ट सांगायची राहिलीच. सगळ्या अंगाच्या वेदना मेंदूला कळतात, पण खुद्द मेंदूला टोचलेलं दुखत नाही! त्यामुळे अशी काही ऑपरेशनं चालू असताना रुग्ण चक्क जागा असतो आणि डॉक्टरांशी गप्पा मारतो!

डोकं चौकटीत घट्ट धरता येतं. पण छाती? पोट? तिथे श्वास चालू असतो! शांत श्वास घेतानाही यकृत एक-दोन सेंटिमीटर वर-खाली सरकतं. म्हणजे वाटाणा जेलीत स्थिर बसलेला नाहीच, तो झोके घेतोय! खाटेला पक्का बसवलेला यंत्राचा हात सुई घट्ट धरून राहिला आणि छाती हलत राहिली, तर आतल्या आत ओरखडे पडतील.

मग अमेरिकेत एमआयटीमध्ये (पुण्यातली नाही, बॉस्टनजवळची!) कॉनर वॉल्श, नेव्हन हनुमारा आणि त्यांच्या सोबत्यांनी डॉक्टरांच्या मदतीनं एक यंत्र तयार केलं. नाव ठेवलं रोबॉप्सी! रोबो अधिक बायॉप्सी! त्यांनी यंत्र खाटेला बसवलंच नाही. मग कुठे बसवलं असेल?

रुग्णाच्या छातीवर!

छाती वर गेली की यंत्र वर. छाती खाली, की यंत्र खाली. श्वासाशी भांडण मिटलं! पण छातीवर बसायचं तर यंत्र हलकं हवं, म्हणून ते बहुतेक प्लॅस्टिकचं केलं. त्यात एकमेकींना छेद देणाऱ्या दोन छोट्या कमानी होत्या. एक कमान सुईला उजवीकडे-डावीकडे झुकवायची, दुसरी पुढे-मागे. या कमानींचं केंद्र मात्र गाठीवर नव्हतं, ते कातडीपाशी होतं. असं का? कारण सुई कितीही झुकली तरी कातडीवरचं छिद्र ताणलं जाऊ नये! डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत संगणकासमोर बसून कोन ठरवायचा आणि सुईही तिथूनच पुढे सरकवायची. आत-बाहेर धावपळ बंद!

याहून अवघड जागा सांगू? एमआरआयचं यंत्र! तेही शरीराच्या आतली चित्रं काढतं, पण ते म्हणजे एक अवाढव्य लोहचुंबक. नेहमीच्या एमआरआयचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतं! लोखंडी वस्तू जवळ नेली तर बाणासारखी उडून आत जाईल. तिथे रोबो कसा नेणार? विजेवरच्या साध्या मोटरमध्ये तर लोखंड आणि चुंबक दोन्ही असतात!

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॅन स्टॉयानोविची यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी प्लॅस्टिक, सिरॅमिक आणि रबराची मोटर बनवली. धातू नाही, वीजही नाही! मग ती चालते कशावर? फुंकरीवर! लांब नळ्यांमधून दाबाखालची हवा येते आणि हवेच्या प्रत्येक झोताबरोबर मोटर एक ठरावीक, बारीकशी पायरी फिरते. अशा मोटरींवर चालणारा रोबो त्यांनी एमआरआयच्या आत बसवला. वाऱ्यावर चालणारा रोबो! मला तर हे वाचताना टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

आपल्याकडेही असे रोबो तयार झाले आहेत बरं का! चेन्नईच्या परफिंट कंपनीनं सीटी स्कॅनसोबत काम करणारे रोबिओ आणि मॅक्सिओ बनवले. डॉक्टर चित्रावर गाठ दाखवतात आणि वाट आखतात. रोबोचा हात हलतो, नेमक्या जागी, नेमक्या कोनात थांबतो आणि सुईसाठी एक छोटी नळी धरून ठेवतो. आणि सुई कोण टोचतं? डॉक्टरच! किती दाबायचं, कुठे थांबायचं, हे त्यांच्या बोटांना कळतं. रोबोचं काम हात स्थिर ठेवायचं. मला ही वाटणी फार आवडते.

आता शेवटचं आणि सर्वांत भन्नाट! गाठीच्या समोरच रक्तवाहिनी असेल आणि सरळ वाटच नसेल तर?

इंजेक्शनच्या सुईचं टोक कधी नीट पाहिलंयस? ते तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे बारीक, लवचीक सुई मऊ भागातून जाताना आपोआप एका बाजूला वळते. इतकी वर्षं ती खोडच वाटायची. पण जॉन्स हॉपकिन्समधल्या शास्त्रज्ञांनी विचार केला, या वळण्याचाच उपयोग केला तर? त्यांनी २००६ मध्ये सुईच्या वाटेचं गणित मांडलं. आणि सांग बरं, ते गणित कुणाच्या गणिताशी जुळलं? सायकलच्या! हँडल एका बाजूला वळवून धरलेली सायकल गोल गोल जाते ना, अगदी तश्शी. सुई मागून फिरवली की टोकाची बाजू बदलते, म्हणजे हँडल दुसरीकडे वळलं! ढकलायचं, फिरवायचं, ढकलायचं. सुई वळणं घेत निघाली!

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अशी सुई रोबोच्या स्वाधीन केली. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रणाची, वाकणारी सुई. प्रयोग होता भूल दिलेल्या जिवंत डुकराच्या फुप्फुसात. सीटीच्या चित्रावरून संगणकानं रक्तवाहिन्या कुठे आहेत ते ओळखलं आणि त्यांना टाळून जाणारी वाट स्वतःच शोधली. मग रोबोनं सुई पुढे सरकवली, तीही फक्त श्वास थांबवलेला असताना! श्वास सुरू झाला की सुई थांबायची. श्वास थांबला की पुन्हा पुढे. अशी थांबत, वळत, रक्तवाहिन्यांना चुकवत ती ठरलेल्या जागी पोचली!

आता तुझ्यासाठी आणखी एक कोडं. पेल्यात पुन्हा जेली लाव, पण या वेळी दोन वाटाणे ठेव, एकाच्या बरोबर खाली दुसरा. वरच्याला न लागता खालच्याला टोचायचं आहे, आणि तुझी सुई मात्र सरळच जाणार. तर कुठून घालशील? आधी कागदावर कोन काढ, आणि मगच टोच!